दह्यातले जीव

मी जीवशास्त्र शिकवते. सुरतेत, गुजराती माध्यमाच्या शाळेत, अकरावी-बारावीला. शाळेत गुजराती, स्टाफरूममध्ये हिंदी, घरी आईशी अहिराणी आणि स्वतःशी भांडताना मराठी, अशी माझी भाषांची वाटणी आहे. हल्ली मराठीचा वापर फार वाढला आहे.

सजीवांचं वर्गीकरण हा माझा आवडता धडा. फळ्यावर मी आधी दोनच घरं काढते. पूर्वी माणसाला एवढीच पुरत होती: चालतं-फिरतं ते प्राणी, एका जागी उगवतं ते वनस्पती. मग सूक्ष्मदर्शक आला आणि पंचाईत झाली. बुरशी उगवते खरी, पण हिरवी नाही, आणि स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. जिवाणू तर कुठल्याच घरात मावेनात, त्यांच्या पेशीत धड केंद्रकसुद्धा नाही. मग मी खडूने घरं वाढवत नेते. जिवाणूंचं मोनेरा, तळ्यातल्या एकपेशीय मंडळींचं प्रोटिस्टा, बुरश्यांचं कवक, आणि जुनी दोन. पाच झाली की फळ्याकडे पाठ करून सांगते की आता हेही जुनं झालं, नवे लोक वेगळ्या भिंती घालतात. आपण घातलेली भिंत चुकली तर ती पाडायला शास्त्र लाजत नाही, हे वाक्य मी दरवर्षी म्हणते. म्हणताना मला स्वतःचा जरा अभिमानही वाटतो.

माझ्या आईकडे आजही दोनच घरं आहेत. जीव असलेलं आणि जीव नसलेलं. पहिल्या घरातलं ती खात नाही, आणि ती खात नाही ती माझ्यामुळे.

मी रांगत होते तेव्हाची गोष्ट. गावाकडे, खानदेशात, मला जुलाब-उलट्या लागल्या आणि अंगातलं सगळं पाणी गेलं. तालुक्याच्या डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. श्रावण होता, भाऊबंदांच्या घरी कानबाई बसलेली होती. आई मला मांडीवर घेऊन देवीसमोर बसली आणि म्हणाली, "मन्ही पोरना जीव ऱ्हाऊ दे, मी कोनाच जीव खावाव नई." मी राहिले. कोणीतरी चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होतं म्हणून राहिले, असं मी शिकल्यासवरल्यावर तिला एकदा ऐकवलं. ती म्हणाली, "ते पानी पाजानं कोनी सुचाडं?"

तिने सोडलं ते काही तिला नावडतं नव्हतं. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि नळी चोखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं वडील सांगायचे. पुढे ते कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर लागले, आम्ही सुरतेत आलो, ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायला लागली. रविवारी मटण तीच रांधायची आणि मीठ बघायला मला हाक मारायची. मी वाटी तोंडाला लावायची, ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी मिटक्या मारत खाल्लं की तिचा चेहरा असा व्हायचा की जणू तीच जेवली. लहानपणी मला ते बरं वाटायचं. मोठी झाल्यावर नकोसं वाटायला लागलं. बाहेर हातगाडीवर अंड्याची भुर्जी खाताना देखील मला वाटायचं की कोणीतरी माझ्या वाटचं उपाशी आहे. हे ओझं मी मागितलं नव्हतं, आणि खाली ठेवायलाही जागा नव्हती. पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी हा राग होता, हे मला आता कळतं.

वडील गेल्यापासून आम्ही दोघीच, नवागाममध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. गेल्या वर्षी आई एकदा भाजी घेऊन आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे पडली, तिला पत्ताच नव्हता. मी हसले. "इतली काय घाई व्हती?" म्हणून चिडवलं. तिने तळपाय चोळत सांगितलं की बरेच दिवस पायांना काही कळतच नाही, मुंग्या येतात आणि मग कापसावर चालल्यासारखं होतं. तेव्हा माझं हसू आटलं.

डॉक्टर गुजराती, समजूतदार. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलं होतं. शाकाहारी घरांत हे आम्ही रोज बघतो, ते म्हणाले; इंजेक्शनं घ्या, दूध-दही वाढवा, उशीर केलात तर नसा कायमच्या जातील. दूध आईला कधी पचलं नाही, पोट फुगतं. पण दही-ताक तिचा जीव की प्राण, त्यामुळे मी निश्चिंत होते. नर्सने काचेची कुपी फोडली आणि सुईत औषध ओढलं. ते औषध लाल असतं. चांगलं डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.

आईने दंड काढून घेतला. "हाई रगत शे का व?"

"नई व माय, औषध शे."

"मंग लाल काबर?"

रंगच तसा असतो, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. ते खरंही होतं. पण नर्स खोळंबली होती, मागे रांग होती, आणि आईने पदर दंडावर घट्ट ओढून घेतला होता. घरी जाऊन समजावते, उद्या येतो, असं सांगून मी तिला बाहेर आणलं. समजावणं हा माझा धंदाच आहे.

घरी मी चहा केला आणि सुरू झाले. त्याच आठवड्यात वर्गात हाच धडा चालू होता, त्यामुळे जीभ तयार होती. हे औषध कुठल्या जनावराचं नाही, मी म्हणाले. कारखान्यात मोठाल्या टाक्या असतात, त्यांत जंतू वाढवतात, आणि त्या जंतूंपासून हे काढतात. जंतू काही प्राणी नव्हेत, त्यांचं घरच निराळं, मोनेरा. मी टेबलावर बोटाने पाच घरंसुद्धा काढून दाखवली.

आईने नीट ऐकलं. माझ्या वर्गात इतकं नीट कोणी ऐकत नाही. मग विचारलं, "जंतू म्हंजे जीवच ना?"

"जीव शे, पन प्राणी नई."

"मी देवीले प्राणी नई म्हनेल. जीव म्हनेल शे."

झालं. पाचही घरं एका वाक्यात पुसली. आणि इथे माझं डोकं फिरलं. शिक्षकाला वर्गात कोणी बिनतोड बोललं की जे होतं तेच झालं: समोरचा चूक आहे की नाही याच्याशी देणंघेणं उरत नाही, फक्त जिंकायचं असतं. मी उठून फडताळातलं दह्याचं पातेलं आणून तिच्यासमोर आदळलं.

"मंग हाई कसाले खास? दहीमा बी जंतूच शेतस! आख्ख्या सुरतमा मानसं नईत तितला जीव शेतस एक वाटीमा. जित्ता!"

ती पातेल्यात बघत राहिली. मला वाटलं, जिंकले. आता हसेल, म्हणेल, जाऊ दे मग, दे ते इंजेक्शन. मी तर चहाचे कप विसळायलाही घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दह्याचं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलेलं. आत होतं ते दही तिने खालच्या गुजराती बेनला देऊन टाकलं होतं. ते विरजण आमच्या घरात कधी खंडलं नव्हतं. गावाहून येताना आईने ते डब्यात आणलं होतं आणि आदल्या दिवसाच्या चमचाभरातून दुसऱ्या दिवशीचं, असं आमच्या घरात ते चालत आलं होतं. ती परगावी गेली तर शेजारी सोपवून जायची. त्या दिवशी ते खालच्या मजल्यावर गेलं आणि तिथल्या कोणाच्या पोटात संपलं. आमच्या घरात खरोखर कुठला जीव गेला असेल तर तो हा, आणि घालवला मी.

मी भांडले, ओरडले, जेवले नाही. तिच्यावर परिणाम शून्य. उलट तिला काळजी लागली की इतकी वर्षं नकळत नवस मोडत आला, तरी देवीने चालवून घेतलं. आता कळल्यावर मोडला तर कसं चालवून घेईल? मग तिची चौकशी सुरू झाली. ती एकेक पदार्थ माझ्याकडे आणायची, पूर्वी धान्यात किडे आहेत का ते दाखवायला आणायची तसा. पावात? पावात यीस्ट असतं, ते कवकांच्या घरातलं, म्हणजे जीव. पाव बंद. जिलेबीत? पीठ आंबवतात. बंद. ढोकळा, इडली, बंद. रविवारी सकाळी ती गाडीवरचा लोचो, ढोकळ्याचाच मऊ लगदा, आवडीने खायची, वर बारीक शेव आणि तेल घालून. लोचो ताटलीत तसाच ठेवून तिने विचारलं, "यामा?" मी म्हणाले, "शे थोडं." तिने ताटली माझ्याकडे सरकवली. मी खाल्ली सुद्धा.

आज कोणी विचारेल की मग खोटं का नाही बोललीस? एक "नई" म्हणायचं होतं. अगं, भाजल्यावर-उकडल्यावर ते जीव राहत नाहीत, एवढं शास्त्रशुद्ध तरी सांगायचं होतं. ते मी सांगितलंही, पण उशिरा, आणि ती म्हणाली की मटणही शिजवतातच की. खरं कारण असं की तिचा प्रत्येक प्रश्न मला हट्ट वाटत होता आणि प्रत्येक बरोबर उत्तर म्हणजे मी तिला दिलेली चपराक होती. कधीतरी ती दमेल, हात टेकेल, आणि माझ्या डोक्यावरचा तो नवस एकदाचा उतरेल, अशी माझी आशा होती. आईचं ताट रिकामं होत चाललेलं मला दिसत होतं आणि तरी मी बरोबर उत्तरं देत होते. याला काय म्हणावं ते मला कुठल्याच भाषेत सापडलेलं नाही.

मग एका संध्याकाळी ती भरताची वांगी निवडत बसली होती. देठ धरून वांगं फिरवत तिने विचारलं, "मंग वांगामा?"

वनस्पती सजीव आहेत हे पहिलीतलं पोर सांगतं. ती वांगंही सोडेल, मग मेथी, मग ज्वारी, मग काय? दगड खाईल?

"नई," मी म्हणाले. "वांगामा जीव नई."

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या विषयात खोटं बोलले, आणि तेही इतकं ढळढळीत. आईने माझ्याकडे बघितलं. भाजीवाल्याने भाव चुकीचा सांगितला की ती बघते तसं बघितलं. वांगं भाजायला ठेवलं, पण माझ्याकडे पुन्हा काही घेऊन आली नाही. जे शंकेचं वाटेल ते ती न विचारताच सोडायला लागली, आणि तिचं जेवण भाकरी, डाळ आणि ठेच्यावर आलं.

पाय बिघडत गेले. रात्रीच्या अंधारात तिला स्वतःचे पाय कुठे आहेत ते कळेना. भिंत धरून चालायची. डॉक्टर म्हणाले होते उशीर करू नका, आणि इकडे आम्ही महिने घालवत होतो. एका सकाळी मी शाळेला निघाले होते, केस विंचरत होते, तोच मोरीत बादलीचा आवाज झाला. आई पडली होती. कपाळ मोरीच्या कडेवर आपटलं होतं. रक्त डोळ्यात उतरलेलं आणि ते पुसायच्याही आधी ती मला सांगत होती, "काही नई व्हयनं, तू शाळाले जाय, उशीर व्हई."

डॉक्टरांनी टाके घातले. मग मला बाजूला घेतलं. इंजेक्शन का झालं नाही ते मी खालमानेने सांगितलं. "तमे तो सायन्सनां टीचर छो ने, बेन?" एवढंच म्हणाले. तो आवाज रागाचा असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आणून तिला गादीवर बसवलं. खालच्या डेअरीतून मी दह्याची पिशवी आणली, वाटीत ओतलं, आणि तिच्यासमोर बसले. भांडायला नव्हे. भांडायची ताकद राहिली नव्हती.

"माय, सोड आते तो नवस. मी काय तान्ही पोर शे का?"

"तू आठे बशेल शेस ना मन्हासमोर?"

"शे."

"मंग? चालस ना मन्हा नवस."

मी रडले. रडताना जे आलं ते बोलले. तुझे पाय गेले तर मी काय करू, माझ्यासाठी तू कपाळ फोडून घेतलंस, मला हे नको, मी देवीला मागितलं नव्हतं, तू मला विचारलं नव्हतंस. हे शेवटचं किती मूर्खासारखं आहे ते बोलल्यावर कळलं. रांगत्या पोराला कोण विचारतं? आई टाक्यांवरची पट्टी चाचपत ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने शांतपणे विचारलं,

"तू सांगस, काही व्हत नई?"

"काहीच व्हत नई."

"तुले खात्री शे?"

"शे."

"मंग तुन्हा हातना घास दे माले. तुन्हासाठी सोडेल व्हतं, तूच दे."

मी चमचा भरला. साधं दही, डेअरीचं, जरा आंबटच. तिने तोंड उघडलं. कपाळावर पांढरी पट्टी, खाली ते उघडं तोंड, पक्ष्याच्या पिल्लासारखं, आणि डोळे माझ्यावर. आणि माझा हात थांबला.

थांबला हे मी नाकारणार नाही. मी मोनेरा शिकवते, मला माहीत आहे दह्यात काय असतं आणि नवसात काय नसतं. तरी त्या क्षणी चमचा हवेतच राहिला. कुठेतरी आत, शास्त्र पोचत नाही अशा ठिकाणी, मी इतकी वर्षं त्या नवसावर विसंबून जगत होते. रस्ता ओलांडताना, तापाने फणफणताना, मला आपलं वाटायचं की मला काही होणार नाही. तो विश्वास माझा नव्हता, तिच्या उपाशीपणाचा होता, आणि आता मला तो सोडवेना. मला माझ्या जिवाची भीती वाटली. आईच्या पायांपुढे मला माझा जीव आठवला.

तिने ते बघितलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"देख," ती म्हणाली, "तुले बी भेव वाटस."

आवाजात विजय नव्हता. मी इतके महिने जिंकायला धडपडत होते, आणि ती जिंकली तरी तिला त्याचं काही नव्हतं. तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला. कानबाईचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि दही गिळलं. मग दुसरा चमचा. मग वाटी तोंडाला लावून सगळं. पदराने ओठ पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नको. मी शे ना." मला भीती वाटते आहे हे तिला बघवलं नाही, म्हणून तिने नवस मोडला. माझ्या भीतीपायी तिने तिची भीती गिळली.

इंजेक्शनं सुरू झाली. सुई टोचताना ती लाल औषधाकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. दही खाते, रविवारी लोचोही खाते, पण पूर्वीसारखं चवीने नाही. औषध घ्यावं तसं. हळूहळू मुंग्या कमी झाल्या. चपलेचा अंगठा कळायला लागला. आता भिंतीला न धरता चालते, जिना एकटी उतरते. डॉक्टर खूश आहेत. मला भेटले की म्हणतात, जोयुं ने बेन, बघितलंत ना, वेळेवर आलात. वेळेवर आले नव्हते, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

शाळेत यंदाही तो धडा झाला. मी घरं काढली, भिंती पाडल्या, पण अभिमानाचं ते वाक्य काही तोंडातून आलं नाही.

त्या सुधारलेल्या पायांनी आई रोज पहाटे उठते. बाहेर अजून उजाडलेलं नसतं, लूमची खटखट ऐकू येत असते. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते. एकही दिवस चुकवत नाही. हाक मारत नाही, दिवा लावत नाही, नुसती उभी राहून कान देते. आदल्या दिवशी दही खाल्लेलं असतं, किंवा इंजेक्शन झालेलं असतं. मी जागीच असते. डोळे मिटून घेते आणि श्वास जरा मोठ्याने घेते, तिला ऐकू जावा म्हणून.